वॉचमन मामा म्हणजे पोलीस नव्हेत

परवा रात्री कोल्हापुरात नागाळा पार्कात आमच्या अपार्टमेंटच्या गेटबाहेर एक पोरगं सापडलं, हातात पाइप आणि दोन लिटरची बाटली, रस्त्यावर लावलेल्या गाडीतलं पेट्रोल काढत होतं. पाच मिनिटांत आम्ही सगळे खाली, आणि जो तो वॉचमन मामांनाच सांगायला लागला, मामा त्याला मीटर रूममध्ये कोंडा, मामा खिसे बघा, मामा दोन लावा त्याला. मामांनी यातलं काहीच केलं नाही. "साहेब, मी सिक्युरिटी हाय, पोलीस न्हाई," एवढं म्हणाले आणि ११२ ला फोन लावला. पगार कशाचा देतो मग, असं काही जण चिडून बोलले. मला मात्र मामांचंच बरोबर वाटलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पोलिसाला अधिकार कायद्यानं मिळतात आणि तो सगळ्यांचा असतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा ही सगळी ठाणी एसपींच्या, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर घेऊन कुणीही गेलं तर हद्द नसली तरी नोंदवून घ्यावी लागते. सिक्युरिटीवाल्याकडं जो हक्क आहे तो मालकाकडनं उसना आलेला. गोकुळ शिरगावला कंपनीच्या गेटवर बॅग उघडा म्हणतात, तुम्ही नाही म्हणालात तर आत सोडणार नाहीत, ते बरोबरच आहे, कारण जागा मालकाची. पण जबरदस्तीनं खिशात हात घालायचा, मोबाईल काढून घ्यायचा, गाडीची किल्ली काढून ठेवायची, हे त्याला चालत नाही. मालकालाच तो अधिकार नाही तर त्याला कुठनं येणार?

आता पकडायचं म्हटलं तर. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ४० प्रमाणं कुठलाही साधा माणूस, म्हणजे तुम्ही, मी, वॉचमन, कुणीही, डोळ्यासमोर अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्कानं मिळत नाही) आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडू शकतो, पण विनाकारण वेळ न काढता आणि जास्तीत जास्त ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. गणवेश घातला म्हणून यात एक इंचही वाढ होत नाही. आणि त्या पोराचं पेट्रोल शंभर-दीडशेचं, नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली पहिल्यांदाची साधी चोरी दखलपात्रसुद्धा नाही, म्हणजे मीटर रूमला कडी लावली असती तर डांबून ठेवल्याचा गुन्हा आमच्यावरच येऊ शकला असता. आणि त्यात पहिलं नाव मामांचं लागलं असतं, सांगणाऱ्यांचं नाही.

वॉचमन पुरवणाऱ्या सिक्युरिटी एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. लायसन्स लागतं, गार्डला फोटोचं ओळखपत्र लागतं, केंद्राच्या आदर्श नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष ट्रेनिंग सांगितलंय. पोलीस किंवा लष्करासारखा दिसणारा गणवेश घातला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायटीची मीटिंग असली की रेट किती एवढंच विचारतात, लायसन्स दाखवा असं म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही, आणि त्याच रेटमध्ये रात्री आठ ते सकाळी आठ एक माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर काढतो, याची लाज वाटली पाहिजे आपल्याला.

अजून एक घोळ होतो तो होमगार्डचा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळ बघा, पोलीस, होमगार्ड आणि देवस्थानचे सुरक्षारक्षक जवळजवळच उभे असतात. त्यातला होमगार्ड १९४७ च्या कायद्याखाली येतो, स्वयंसेवक असला तरी बंदोबस्ताला बोलावल्यावर त्याला पोलिसाचे अधिकार असतात. देवस्थानच्या रक्षकाला ते नसतात, रांग लावणं, कुठनं जायचं ते सांगणं आणि काही झालं तर पोलिसांना हाक मारणं हे त्याचं काम.

त्या रात्री पोलीस आले तेव्हा आम्ही वीस जण एकदमच बोलत होतो, कुणी म्हणतं दीड वाजले होते, कुणी म्हणतं अडीच. हवालदारांनी मामांची वही मागितली. पेनानं लिहिलेलं होतं, २ वाजून १० मिनिटं, गाडीचा नंबर, पोरगं कुठल्या बाजूनं आलं, आणि फोन किती वाजता केला ते. हवालदारांनी तेवढ्याच पानाचा फोटो काढून घेतला.