एक गाय, दोन भाषा

संस्कृतमधली 'गो', आयर्लंडच्या आयरिशमधली 'बो' आणि मुद्दाम रचलेल्या एस्पेरांतो भाषेतली 'बोवो' ही एकाच घरची मंडळी. तिन्ही शब्द आदिम इंडो-युरोपीय भाषेतल्या, म्हणजे संस्कृत, लॅटिन, आयरिश यांच्या समान पूर्वज भाषेतल्या, एकाच मुळापासून आले. आपल्याकडे जिथे 'ग' किंवा 'ज' राहिला, तिथे आयरिशमध्ये कित्येकदा 'ब' आला. म्हणून आपला 'जीव' आणि आयरिशमधला 'ब्यो', म्हणजे जिवंत, हेही सख्खे नातलग आहेत. एस्पेरांतोने मात्र हा शब्द लॅटिनच्या घरातून उचलला, तोही ठरवून.

एस्पेरांतो शिकू की आयरिश, असं कोणी विचारलं की मला ही गाय आठवते. तिच्या मागे मागे गेलं की दोन्ही भाषांचे स्वभाव नीट कळतात.

एस्पेरांतो डॉ. झामेनहोफ यांनी रचली. पेशाने ते डोळ्यांचे डॉक्टर. जन्म 1859 चा, बियाविस्तोक गावचा. तेव्हा ते गाव रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. तिथे पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यूंची यिद्दिश बोलणारे शेजारी राहायचे आणि एकमेकांशी भांडायचे. सर्वांना सारखीच जवळची आणि सारखीच परकी अशी एक भाषा असावी, या तळमळीतून त्यांनी 1887 मध्ये वॉर्सात छोटं पुस्तक काढलं. त्यावर लेखकाचं नाव होतं डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे 'आशा बाळगणारा'. तेच पुढे भाषेचं नाव झालं.

नियम सोळा. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', आणि याला अपवाद नाही. बाकीचे शब्द प्रत्यय जोडून घडतात. 'बोवो' म्हणजे गोवंशातला प्राणी. 'इन' जोडलं की 'बोविनो', गाय. 'इद' जोडलं की 'बोविदो', वासरू. 'आर' जोडलं की 'बोवारो', कळप. 'एय' जोडलं की 'बोवेयो', गोठा. मराठीत गाय, वासरू, खिल्लार, गोठा असे चार शब्द पाठ करावे लागतात. इथे एक शब्द आणि चार प्रत्यय. शिवाय हेच प्रत्यय घोड्याला, कुत्र्याला, कशालाही लागतात.

आता आयर्लंडमध्ये या. 'अ' हा एवढासा शब्द. त्याचा अर्थ 'त्याचा', 'तिचा' आणि 'त्यांचा' असा तिन्ही होतो. मग कोणाची गाय, हे कळायचं कसं? गायच सांगते. 'अ वो' म्हणजे त्याची गाय, 'अ बो' म्हणजे तिची गाय, 'अ मो' म्हणजे त्यांची गाय. मालक बदलला की शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं. कानावर 'मो' पडला आणि कोशात 'म'मध्ये शोधायला गेलात तर गाय सापडायची नाही. लिहिताना मात्र 'म'चं अक्षर 'ब'च्या आधी ठेवतात आणि मूळ 'ब' तसाच राहू देतात. ही सोय मला फार सुंदर वाटते, कारण कानाला हरवलेला शब्द डोळ्याला सापडतो.

मराठी माणसाने याला घाबरायचं कारण नाही. 'घोडा'चं 'घोड्याला', 'पाऊस'चं 'पावसात' आपण रोज करतो. आपलं सामान्यरूप शब्दाच्या शेपटीला धरतं, आयरिश डोक्याला धरते, एवढाच फरक.

'गाय पाणी पिते' हे एस्पेरांतोत 'ला बोविनो त्रिंकास अक्वोन'. शेवटचा 'न' पाण्याला कर्म ठरवतो, त्यामुळे शब्द पुढेमागे केले तरी अर्थ ढळत नाही. आयरिशमध्ये क्रियापद सगळ्यात आधी येतं: 'ओलन अन वो इश्के', म्हणजे 'पिते गाय पाणी'. हा 'इश्के' तुमच्या ओळखीचा आहे, व्हिस्की हा शब्द त्यातूनच निघाला.

इथवर एस्पेरांतो सोपी आणि आयरिश अवघड असंच वाटेल, आणि नियमांपुरतं ते खरंही आहे. विचाराची धाटणी पाहिली की चित्र उलटतं. 'माझ्याकडे गाय आहे' असं आपण म्हणतो, कारण 'बाळगणे' या अर्थाचं सरळ रोजचं क्रियापद आपण वापरत नाही. आयरिशही वापरत नाही. 'ता बो अगम', म्हणजे 'आहे गाय माझ्यापाशी'. एस्पेरांतोत त्यासाठी 'हावास' हे क्रियापद आहे. आपल्याला भूक लागते, आयरिश माणसाच्या अंगावर ती येऊन बसते: 'ता ओकरस ओरम', भूक माझ्यावर आहे. 'चहा घेतोस?' याला आपण 'घेतो' असं उत्तर देतो. आयरिशमध्येही असंच क्रियापद परत म्हणतात. 'हो' आणि 'नाही' यांना तिथे स्वतंत्र शब्दच नाहीत. एस्पेरांतोत 'येस' म्हटलं की काम झालं.

आयरिशचा 'बो' माणसांच्या जगण्यातही मुरला आहे. मुलाला म्हणतात 'बूअखिल', मूळ अर्थ गुराखी. रस्त्याला म्हणतात 'बोहर', तोही गायीवरूनच आलेला शब्द. असं काही कोणाला ठरवून घडवता येत नाही, त्याला शतकं लागतात. म्हणूनच 1845 च्या दुष्काळाने केलेलं नुकसान इतकं जिव्हारी लागतं. बटाट्याचं पीक सडलं, सुमारे 10 लाख माणसं मेली, आणखी तितकी किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. सर्वाधिक तडाखा पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या वस्त्यांना बसला. घरात आयरिश बोलणारी पिढीच तुटली.

म्हणून शिकणाऱ्याला माझं सांगणं असं. पहिल्याच महिन्यात वाक्यं जुळवण्याचा आनंद हवा असेल तर एस्पेरांतो घ्या. भाषा आतून कशी वाढते हे पाहायचं असेल आणि दोन वर्षं धीर धरता येत असेल तर आयरिश घ्या. मला आयरिशची ओढ जास्त आहे.

'मी एस्पेरांतो बोलतो' हे त्या भाषेत जसंच्या तसं, सरळ म्हणतात. आयरिशमध्ये म्हणतात 'ता गेल्गे अगम', म्हणजे आयरिश माझ्यापाशी आहे, जशी गाय असते तशी. 2022 च्या आयर्लंडच्या जनगणनेत 18,73,997 लोकांनी ती आपल्याला बोलता येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजबाहेर रोज ती बोलणारे होते 71,968.