लाल नॉब म्हणजे विमानाचा चोक नव्हे

ज्यांची हयात कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर गेली, त्यांना सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या कॉकपिटचा फोटो दाखवा. काळ्या थ्रॉटलशेजारचा लाल नॉब बघून बहुतेक जण बेधडक सांगतात, ‘हा चोक.’ काही जण जरा सावधपणे ‘चोकसारखंच काहीतरी’ म्हणतात. मला त्यांचं जास्त वाईट वाटतं, कारण मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, हा नॉब जवळजवळ उलटं काम करतो.

चोक तुम्हाला ठाऊक आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीपुरतं मिश्रण मुद्दाम रिच करायचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. जुन्या कार्ब्युरेटरात हवेची वाट अडवून, नंतरच्या बऱ्याच मोटरसायकलींत पेट्रोलची जादा वाट उघडून. इंजिन तापलं की चोक बंद. विषय संपला.

मिक्श्चरचा खरा संबंध उंचीशी आहे. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब उतरतो आणि जेटमधून, म्हणजे एका बारीक छिद्रातून, पेट्रोल ओढलं जातं. हे गणित समुद्रसपाटीच्या हवेसाठी जुळवलेलं असतं. वर गेलं की हवा विरळ होते. इंजिन दर फेरीला तेवढ्याच आकारमानाची हवा आत घेतं, पण तिचं वजन घटतं. १०,००० फुटांवर ते जेमतेम पाऊण उरतं. पेट्रोलही कमी येतं, पण तितकं कमी नाही. हवा घटते घनतेच्या प्रमाणात आणि पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे कुणी कशालाही हात न लावता १०,००० फुटांवर मिश्रण साधारण १६ टक्के रिच झालेलं असतं.

कार्ब्युरेटरवाली बुलेट घेऊन लडाखला गेलेल्यांनी हे भोगलंय. खारदुंग ला सुमारे साडेसतरा हजार फुटांवर आहे; तिथे याच हिशेबाने मिश्रण तीस टक्क्यांच्या आसपास रिच होतं. धूर काळा, प्लग काळा, गाडी उचलत नाही. विरळ हवेने निम्मी ताकद आधीच खाल्लेली असते, त्यात हे नको असलेलं पेट्रोल. आणि अशा वेळी तापलेली गाडी घुसमटतेय म्हणून चोक ओढणारे महाभाग मी पाहिलेत! तिथे पेट्रोल कमी करायला हवं असतं. मोटरसायकलवर त्यासाठी खाली उतरून जेट बदलावा लागतो. विमानाला मात्र दर उड्डाणात हा प्रश्न येतो, म्हणून त्याचं उत्तर वैमानिकाच्या हाताशी ठेवलंय. लाल नॉब कार्ब्युरेटरच्या आत जेटकडे जाणारी पेट्रोलची वाट कमी-जास्त करतो. हवेच्या वाटेशी त्याचा संबंध नाही.

नॉब पूर्ण आत असला की रिच, बाहेर ओढत गेलं की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा असेल, तर ओढता ओढता तो चढत जातो, शिखर गाठतो आणि मग उतरायला लागतो. काटा नसेल तर कान आणि आरपीएम. पंख्याच्या पात्यांचा कोन फिक्स्ड असेल तर आरपीएम आधी किंचित वाढतो. पुढे इंजिन खडबडलं की नॉब थोडा परत आत.

‘लीन केलं की इंजिन जळतं’ हेही अर्धंच खरं आहे. सिलिंडर हेड सर्वांत जास्त तापतं ते शिखराच्या जरा अलीकडे, रिच बाजूला. शिखर ओलांडून पलीकडे गेलं की तेही निवत जातं. टेकऑफला खालच्या विमानतळांवर नॉब पूर्ण आत ठेवतात, कारण पूर्ण ताकदीवर ते जादा पेट्रोल तापमान आवरतं आणि डेटोनेशनपासून, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम फुटण्यापासून, वाचवतं. पण याचाच पुढे मंत्र होतो: ‘पाच हजार फुटांखाली लाल नॉबला शिवायचं नाही.’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. टर्बो नसलेलं इंजिन क्रूझमध्ये, म्हणजे उंची गाठून सरळ उडताना, ७५ टक्के किंवा त्याहून कमी ताकदीवर असेल, तर कुठल्याही उंचीवर लीन करता येतं, हे विमानांची इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी स्वतः सांगते. जमिनीवर टॅक्सी करतानाही करावं. भारतात रस्त्यावरच्या पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, विमानांच्या १००एलएल नावाच्या पेट्रोलमध्ये ते अजून आहे. रिच मिश्रणावर रेंगाळत राहिलं की ते प्लगवर साचतं, आणि टेकऑफआधी प्लगना ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो तपासताना इंजिन अडखळायला लागतं.

आता हाताच्या सवयीचं. ओढायचा चोक असलेल्या गाडीत नॉब ओढला की रिच. विमानात लाल नॉब ओढला की लीन, आणि पूर्ण ओढला की इंजिन बंद. कार्ब्युरेटरच्या सेस्नात थ्रॉटलच्या दुसऱ्या बाजूला कार्ब्युरेटर हीटचा नॉब असतो, गळ्यात बर्फ साचू नये म्हणून, तोही ओढायचाच. उतरायच्या तयारीत तो ओढायच्या ऐवजी लाल नॉब ओढला गेला आणि इंजिन गेलं, असे अपघात खरोखर झालेत.

इंजिन रोज बंदही याच नॉबने करतात, चावीने नाही. मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो, बॅटरीवर अवलंबून नसतो. चावी ‘ऑफ’ केल्यावर त्याला अर्थ करणारी तार तुटलेली असेल, तर तो जिवंतच राहतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल उरलं असेल आणि कुणी हाताने पंखा फिरवला, तर इंजिन झटका देऊ शकतं. आधी पेट्रोल तोडलं की जाळायला काही उरत नाही.

मग थंड इंजिन सुरू करायला काय? प्रायमर. कार्ब्युरेटरच्या इंजिनात हा बहुधा छोटा हातपंप असतो, पेट्रोल थेट इनटेकमध्ये मारणारा. चोकचा भाऊ शोधायचाच असेल तर हा. गोंधळाचं मूळ मला वाटतं कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या सेस्ना १७२ एस मध्ये आहे. तिच्यात वेगळा प्रायमर वापरत नाहीत. पंप चालू करून लाल नॉब काही सेकंद आत ढकलायचा, परत पूर्ण ओढायचा, स्टार्टर मारायचा, इंजिनाने पेट घेतला की पुन्हा आत. व्हिडिओत हे बघणाऱ्याला चोक आठवला तर नवल नाही. आणि ‘इंजेक्शन आलं, मग नॉब कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी: बीएस-६ मोटरसायकलीत सेन्सर आणि संगणक मिश्रण ठरवतात. १७२ एस मधल्या लायकमिंगचं इंजेक्शन निव्वळ यांत्रिक आहे, तिथे ते काम वैमानिकाचं.

चोक असलेलं विमान बघायचंच असेल तर रोटॅक्स ९१२ इंजिनाचं बघा. एनसीसीच्या हवाई शाखेतल्या व्हायरस एसडब्ल्यू ८० या छोट्या विमानाला हेच इंजिन आहे. त्याचे बिंग कंपनीचे दोन कार्ब्युरेटर उंचीप्रमाणे मिश्रण बऱ्यापैकी आपसूक सांभाळतात, म्हणून मिक्श्चरचा नॉब नाही. चोक मात्र आहे, आणि तोही थ्रॉटल बंद असतानाच चालतो. थंड सकाळी चोक ओढून वर सवयीने थ्रॉटल उघडून बसलात, तर स्टार्टर मारत राहाल.