काकूंच्या फोनचा टॉवर गेला तेव्हा

कोरोनाच्या आदल्या वर्षीची मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मिरवणूक. इतवारीकडून ढोल ऐकू येत होते, आमच्या गल्लीतली पोरं ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत पळत सुटली होती, आणि शेजारच्या काकू दारात उभ्या राहून फोन वर धरत होत्या. “काऊन बाप्पा, टॉवरच येऊन नाही राहिला,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “काकू, एवढी गर्दी आहे, टॉवर जाम झाला असेल. संध्याकाळी येईल.”

संध्याकाळी टॉवर आला नाही. त्यांची मुदत ठेव मोडून पैसे भलत्याच खात्यांत गेल्याचं मंगळवारी बँकेत कळलं. मारबतीच्या शनिवारी सकाळी कुणीतरी त्यांच्या नावानं डुप्लिकेट सिम काढलं होतं आणि दुपारी त्या सिमवर आलेले ओटीपी वापरले होते. मी दिलेला धीर चुकीचा होता. गर्दीनं टॉवर जाम होतो तेव्हा फोनवर बहुधा काड्या दिसतात, पण कॉल लागत नाही. काकूंच्या फोनवर काड्याच नव्हत्या.

हे सगळं परत आठवलं ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेल्या एका मेसेजमुळे: ‘मोबाइल कंपन्या आता एपीआय उघडणार, तुमची सगळी माहिती बँकांना विकणार, सावधान!’ मेसेज पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, पण गोष्ट तशी नाही. एपीआय म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला ठरलेला प्रश्न विचारण्याची सोय; ती पुढे येईलच. आणि ती नीट समजून घेतली, तर काकूंच्या बाबतीत नेमकं काय हुकलं तेही समजतं.

आधी सिमकार्ड म्हणजे काय ते पाहू. हा माझा फार आवडता विषय आहे, त्यामुळे इथं थोडा जास्त वेळ थांबतो.

सिमवरच्या सोनेरी चिपमध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे पंधरा आकडी ओळख क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे; भारतासाठी ४०४ आणि ४०५. पुढचे कंपनीचे आणि सर्कलचे, उरलेले ग्राहकाचे. हा तुमचा मोबाइल नंबर नव्हे, हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे एक गुप्त चावी: १२८ बिटांची संख्या, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ३९ आकड्यांपर्यंत जाणारी. ही चावी जगात दोनच ठिकाणी असते, तुमच्या सिममध्ये आणि कंपनीच्या मुख्य नोंदवहीत. ही नोंदवही म्हणजे एक प्रचंड डेटाबेस. टूजीच्या काळापासून तिला एचएलआर म्हणतात; फोरजीत तिचं नाव एचएसएस झालं, फाइव्हजीत यूडीएम. काम तेच.

फोन सुरू केला की तो टॉवरला आपला ओळख क्रमांक सांगतो. तो खरा कशावरून? इथं सरळ ‘चावी सांग’ म्हटलं, तर हवेतून जाणारी चावी कुणीही चोरेल. म्हणून नेटवर्क उलटं करतं. ते १२८ बिटांची एक रँडम संख्या निवडतं आणि सिमला पाठवतं. सिम आपल्या आतल्या आत ती संख्या आणि गुप्त चावी एका ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून काढतं आणि फक्त उत्तर परत पाठवतं. तिकडे नोंदवहीकडेही तीच चावी असल्यामुळे तिनं तेच गणित आधीच करून ठेवलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली की फोन आत. चावी सिमच्या बाहेर कधीच पडत नाही, आणि पुढच्या वेळी संख्या वेगळी असल्यामुळे आजचं उत्तर चोरून उद्या काही उपयोग नाही. टूजीत फक्त सिमची परीक्षा व्हायची. थ्रीजीपासून नेटवर्कलाही सिमसमोर स्वतःला सिद्ध करावं लागतं. खिशातल्या नखाएवढ्या चिपमध्ये हे दिवसातून कितीतरी वेळा होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

मग तुमचा दहा आकडी नंबर कुठे आला? तो नोंदवहीत असतो, पंधरा आकडी ओळखीसमोर लिहिलेला. नंबर म्हणजे बदलता येणारी पाटी. म्हणूनच सिम हरवलं तरी नंबर तोच राहतो: कंपनी नव्या सिमची ओळख आणि चावी त्या नंबरासमोर लिहिते, जुनी ओळख खोडते. जुन्या सिमला त्यानंतर नेटवर्क दारातही उभं करत नाही. फोनवरच्या काड्या जातात आणि ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं येतं.

इथं एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मोबाइल नंबरच्या आकड्यांची बेरीज करून तो ‘लाभी’ आहे की नाही हे सांगणारे, आणि त्यासाठी हजारो रुपये घेणारे लोक आता शहरात गल्लोगल्ली झाले आहेत. ज्या नंबरची ते बेरीज करतात तो सिमची ओळख पटवण्याच्या गणितात वापरलाच जात नाही. तो डेटाबेसमधल्या एका रकान्यातला मजकूर आहे. त्यावर नशीब अवलंबून आहे असं सांगून पैसे घेणं ही फसवणूकच आहे, आणि डुप्लिकेट सिम काढणाऱ्यापेक्षा ती फार वेगळी नाही.

आता ओटीपीकडे या. बँक ओटीपी पाठवते तो नंबराला. एसएमएस पोचवणारी यंत्रणा नोंदवहीला विचारते: हा नंबर सध्या कोणत्या सिमवर, आणि ते सिम कुठल्या भागात आहे? नोंदवही सांगेल तिथे मेसेज जातो. म्हणजे त्या शनिवारी ओटीपी काकूंना पाठवला गेलाच नव्हता. वहीत त्यांच्या नंबरासमोर जे सिम लिहिलं होतं, त्याला तो पाठवला होता आणि तिथे तो बिनचूक पोचला. यंत्रणेनं आपलं काम चोख केलं.

मला टोचतं ते हे. नंबरासमोरचं सिम त्याच सकाळी बदललंय ही नोंद टेलिकॉम कंपनीच्या वहीत होती. वेळेसकट. आणि काही तासांनी त्याच नंबरवर ओटीपी पाठवून बँक ठेव मोडायला परवानगी देत होती. एका मशीनला माहीत होतं, दुसऱ्याला गरज होती, आणि दोघांमध्ये विचारण्याची सोयच नव्हती.

ही सोय म्हणजे एपीआय. रेल्वे स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीसारखी. आत काय यंत्रणा आहे, कुणाकडे कोणते कागद आहेत, हे तुम्हाला दिसत नाही. ठरलेला प्रश्न विचारायचा, ठरलेल्या स्वरूपात उत्तर मिळतं. फरक एवढाच, की इथं प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोन्ही कॉम्प्युटर.

सिम बदलाच्या खिडकीवर बँकेचा सर्व्हर दोनच गोष्टी देतो: एक नंबर आणि एक तासांचा आकडा. प्रश्न असा: ‘या नंबरचं सिम गेल्या इतक्या तासांत बदललं आहे का?’ तासांचा आकडा १ ते २४०० मधला असू शकतो. दिलाच नाही तर २४० तास, म्हणजे दहा दिवस धरले जातात. उत्तर हो किंवा नाही. नाव नाही, पत्ता नाही, कुणाला फोन केले ते नाही. त्या ग्रुपवरच्या मेसेजला माझं उत्तर हे आहे: इथं वही विकली जात नाही, वहीतल्या एका ओळीबद्दल हो-नाही सांगितलं जातं. अर्थात हे उत्तर द्यायलाही ग्राहकाची संमती किंवा कायद्याचा ठोस आधार हवा, आणि त्यावर ग्राहकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. खिडकीवर उद्या दुसरे प्रश्नही घेतले जाऊ शकतात.

‘हो’ म्हणजे चोरी असंही नव्हे. बहुतेक लोक सिम प्रामाणिकपणेच बदलतात: फोन हरवला, कार्ड खराब झालं, ई-सिम घेतलं. म्हणून ‘हो’ आलं की व्यवहार फेटाळायचा नसतो, थोडा थांबवायचा असतो. शाखेत बोलवा, दुसऱ्या मार्गानं खात्री करा. काकूंना तेवढं पुरलं असतं.

मग हे इतकी वर्षं का झालं नाही? कारण एकेकट्या कंपनीची खिडकी बँकेच्या कामाची नसते. बँकेचे ग्राहक जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल, सगळीकडे पसरलेले. चार कंपन्यांचे चार फॉर्म, चार करार, चार बिलं. शिवाय २०११ च्या जानेवारीत देशभर नंबर पोर्टेबिलिटी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आली, तेव्हापासून नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येत नाही. आधी ‘हा नंबर आज कुणाकडे?’ हे शोधावं लागतं. प्रोग्रॅमर म्हणतो, जाऊ दे, ओटीपीच बरा.

यावरचा उपाय म्हणजे सगळ्यांनी खिडकी सारखीच बांधायची. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०२२ मध्ये ‘कमारा’ नावाचा मुक्त प्रकल्प सुरू झाला. प्रश्न कसा लिहायचा, उत्तर कोणत्या शब्दांत यायचं, चूक झाली तर काय सांगायचं, हे तिथे उघडपणे ठरतं. कुणीही वाचू शकतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्सिलोनात जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं ‘ओपन गेटवे’ हा अशा सारख्या खिडक्या उघडण्याचा उपक्रम जाहीर केला. तेव्हा २१ कंपन्या आणि आठ एपीआय होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये क्लारो, टिम आणि व्हिवो या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक कंपन्यांनी एकाच वेळी सारख्या खिडक्या उघडल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये मोबाइल नेटवर्कची यंत्रणा बनवणाऱ्या एरिक्सननं बारा मोठ्या कंपन्यांबरोबर मिळून असे एपीआय एकत्र विकणाऱ्या कंपनीची घोषणा केली. त्यात एअरटेल आणि रिलायन्स जिओ दोन्ही आहेत. पुढे तिला ‘अडुना’ हे नाव मिळालं.

स्पर्धक एकत्र का येतात, हे आपल्याला यूपीआयमुळे पटकन समजतं. सीताबर्डीच्या तर्री-पोहेवाल्याकडे क्यूआर कोड एकच असतो, तुमचं खातं कोणत्याही बँकेत असो. २०१६ च्या आधी प्रत्येक बँकेचं आपापलं ॲप होतं आणि पोहेवाल्याला एकाचाही उपयोग नव्हता. बँका स्पर्धक राहिल्या, फक्त पैसे पाठवण्याची भाषा एक झाली. मात्र यूपीआयमधून एक सावध करणारी गोष्टही दिसते: जानेवारी २०२० पासून त्या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, त्यामुळे व्यवहार अफाट वाढले तरी बँकांना त्यातून थेट कमाई होत नाही. टेलिकॉम कंपन्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना प्रत्येक प्रश्नामागे थोडे पैसे हवेत, आणि ते ग्राहकाकडून नाही तर विचारणाऱ्या बँकेकडून किंवा ॲपकडून.

त्यांना पैशांची गरज का आहे, हेही उघड आहे. २०२२ च्या फाइव्हजी लिलावात कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. आपलं नागपूर एअरटेलच्या पहिल्या आठ फाइव्हजी शहरांत होतं, तेव्हा इथं केवढा गाजावाजा झाला होता. पण स्वस्त डेटाच्या बाजारात वेगवान नेटसाठी लोक जास्त पैसे मोजत नाहीत. त्या नेटवर व्हिडिओ दाखवणारे कमावतात, टॉवर उभारणारे हप्ते फेडतात. म्हणून आता टॉवरवाल्यांनी आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडेही नसलेलं काय आहे, ते शोधलं. ती वही.

ओपन गेटवेच्या यादीतला दुसरा उपयोगी एपीआय नंबराची खात्री करणारा आहे. मोबाइल डेटा चालू असताना तुमच्या फोनला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नेटवर्कच देतं, त्यामुळे या क्षणी हा पत्ता कोणत्या नंबरचा हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ॲपला नंबर सांगायचा, नेटवर्क म्हणतं बरोबर किंवा चूक. ओटीपी नाहीच, त्यामुळे फोनवर गोड बोलून तो काढून घेण्याचा प्रश्न येत नाही. वायफायवर मात्र हे चालत नाही, कारण तो पत्ता दुसऱ्याच कुणीतरी दिलेला असतो.

या यादीत एक एपीआय असा आहे, ज्याचा सर्वांत जास्त डंका वाजतो: हवी तेव्हा वाढीव गुणवत्ता. एखाद्या ॲम्ब्युलन्समधून व्हिडिओ पाठवायचा असेल तर तेवढ्यापुरती भरवशाची लाइन मागायची. दीक्षाभूमीवरच्या लाखोंच्या गर्दीत त्याचा उपयोग मला दिसतो. पण टॉवरची क्षमता मर्यादित असते. एकाला जास्त दिलं की बाकीच्यांना कमी पडतं, आणि आपल्याकडे नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वागणूक देण्याचे नियम २०१८ पासून आहेत. या एपीआयच्या नावानं येणाऱ्या मोठमोठ्या कमाईच्या अंदाजांवर मी विश्वास ठेवत नाही. २०१० मध्ये त्याच बार्सिलोनात २४ कंपन्यांनी ‘होलसेल ॲप्लिकेशन्स कम्युनिटी’ नावानं अशीच एकजूट जाहीर केली होती. दोन वर्षांत ती गुंडाळली गेली. या वेळी मला आशा वाटते ती छोट्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या हो-नाहीच्या खिडक्यांची, कारण त्यांची गरज बँकांना आज आहे. व्यवहाराची खात्री एसएमएस ओटीपीखेरीज इतर मार्गांनीही करावी, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत सुचवलं आहेच.

दरम्यान आपल्याकडे काही बांध घातले गेले आहेत. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा आदेश २०२२ चा. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. हे चांगलंच आहे. पण हे सगळ्यांना सारखं थांबवणारे नियम आहेत. एपीआय नेमक्या त्या नंबरचं आणि नेमक्या त्या क्षणाचं उत्तर देतो.

फोनवरून अचानक काड्या गेल्या आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनवर त्या दिसत असतील, तर वाट पाहू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला.

गेल्या मारबतीला काकू पुन्हा फोन हातात घेऊन आमच्या दारात आल्या. ढोलांच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. “तुया फोनले काड्या आहे का रे?” माझं सिम त्यांच्याच कंपनीचं. मी फोन दाखवला, तीन काड्या होत्या. त्यांनी आपला फोन शेजारी धरला. त्यावरही तीनच होत्या, फक्त कॉल लागत नव्हता. “मग गर्दीच आहे,” त्या म्हणाल्या आणि पोरांच्या मागे मारबत बघायला निघून गेल्या.