कॅन्सस स्टेटचा कायापालट (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मॅनहॅटन नावाचे एक शहर आहे. तेथील कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९८९ नंतरच्या दशकात तळातून शिखरापर्यंत मजल मारली. संघसंस्कृती आणि चिकाटी यांच्या जोरावर संघ कसा उभा राहतो, या विषयाच्या चर्चेत हे उदाहरण हमखास दिले जाते. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांना व्यावसायिक संघांइतकाच, छोट्या शहरांत तर त्याहून अधिक लोकाश्रय असतो. मॅनहॅटनपासून जवळचा व्यावसायिक संघ दोन तासांच्या अंतरावर आहे. त्यामुळे शनिवारचा सामना म्हणजे साऱ्या परिसराची जत्राच असते.

पूर्वस्थिती

१९८८ च्या अखेरीस या संघाइतका पराभूत संघ सर्वोच्च विभागात दुसरा नव्हता. त्या विभागात ५०० सामने गमावण्याची वेळ सर्वांत आधी याच संघावर आली. १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत मिळून एकही विजय मिळाला नाही. हाती लागली ती एकच बरोबरी, तीही शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाशी, १७-१७ अशी. १९८२ चा एक अपवाद सोडला, तर हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या ‘बोल’ सामन्यांत संघ कधी पोहोचलाच नव्हता. ओक्लाहोमा आणि नेब्रास्का हे त्या काळचे बलाढ्य संघ एकाच गटात असल्याने दरवर्षी त्यांच्याकडून मार खाणे ठरलेले. चांगले खेळाडू येईनात, म्हणून संघ हरे. आणि संघ हरतो, म्हणून चांगले खेळाडू येईनात.

बिल स्नायडर

नोव्हेंबर १९८८ मध्ये विद्यापीठाने बिल स्नायडर यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. १९३९ मध्ये मिझुरी राज्यात जन्मलेल्या स्नायडर यांना एकट्या आईने कष्टाने वाढवले होते. या नेमणुकीआधी ते आयोवा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक हेडन फ्राय यांच्या हाताखाली आक्रमणाची आखणी पाहत. या नोकरीवर जाऊ नका, असे सांगणारे पुष्कळ होते. स्नायडर यांनी मात्र पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगितले, की महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वांत मोठा पालट घडवण्याची संधी इथेच आहे.

त्यांची कामाची पद्धत सहकाऱ्यांनाही दमवणारी होती. दिवसातून एकदाच, तेही रात्री उशिरा जेवायचे, म्हणजे जेवणात वेळ जात नाही, हा त्यांचा नेम सर्वश्रुत आहे. सामन्यांच्या चित्रफिती पाहण्यात रात्री जात. एवढे असूनही आरडाओरडा करणारे, मैदानावर थयथयाट करणारे प्रशिक्षक म्हणून कोणी त्यांना ओळखत नाही. ते बोलत हळू आवाजात आणि पत्रे लिहीत हाताने, जांभळ्या शाईत. जांभळा हा विद्यापीठाचा रंग. प्रतिस्पर्धी संघातल्या जखमी खेळाडूलाही त्यांची अशी चिठ्ठी जाई. अशा चिठ्ठ्या जपून ठेवणारे विरोधी संघांचे खेळाडू आजही त्यांच्याविषयी आदराने बोलतात. संघाची संस्कृती कशी असते, हे सांगायला मला घोषवाक्यांपेक्षा ही चिठ्ठी अधिक योग्य वाटते.

सोळा उद्दिष्टे

स्नायडर यांनी संघापुढे सोळा उद्दिष्टे ठेवली आणि अखेरपर्यंत तीच कायम राहिली. बांधिलकी, निःस्वार्थीपणा, एकी, सुधारणा, कणखरपणा, स्वयंशिस्त, झोकून देऊन केलेले प्रयत्न, उत्साह, चुका टाळणे, हार न मानणे, पराभवाची सवय न लावून घेणे, स्वतःवर मर्यादा न घालणे, जिंकण्याची अपेक्षा ठेवणे, सातत्य, नेतृत्व आणि जबाबदारी. यादी वाचली तर शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांसारखी वाटेल. तिच्यातले चौथे कलम, सुधारणा, हेच खरे इंजिन होते. किती सामने जिंकायचे हे लक्ष्य खेळाडूंपुढे ठेवले जात नसे. आज कालच्यापेक्षा बरे झालो का, एवढेच विचारले जाई, आणि तो प्रश्न चित्रफितीच्या पुराव्यासह विचारला जाई. सतत हरणाऱ्या मुलांना याचा मोठा आधार होता. शनिवारी धावफलक काहीही सांगो, सोमवारी दाखवता येईल अशी एखादी प्रगती हाती असे.

३० सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्थ टेक्सासविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या खेळीपर्यंत संघ मागे होता. घड्याळ संपता संपता क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) कार्ल स्ट्रॉ याने फेकलेला चेंडू फ्रँक हर्नांडेझ याने गोलक्षेत्रात झेलला आणि सामना २०-१७ असा जिंकला. ऑक्टोबर १९८६ नंतरचा हा पहिला विजय. प्रेक्षक मैदानात धावले. तरीही त्या हंगामाचा हिशेब एक विजय आणि दहा पराभव असाच लागला. पुढल्या वर्षी पाच विजय, १९९१ मध्ये सात, मग १९९२ मध्ये पुन्हा पाच. ही घसरण झाली तेव्हा दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाने कदाचित प्रशिक्षक बदलला असता. अध्यक्ष जॉन वेफल्ड यांनी बदलला नाही. चिकाटी खेळाडूंच्या अंगी हवी असे आपण म्हणतो, पण ती वरच्या खुर्चीत बसलेल्याच्या अंगीही लागते. १९९३ मध्ये आठ विजयांसह संघ कॉपर बोल सामन्यात पोहोचला आणि त्याने वायोमिंगला ५२-१७ असे हरवले. तेथून २००३ पर्यंत सलग अकरा वर्षे संघ बोल सामने खेळला.

माणसे कोठून आली

नामांकित शाळकरी खेळाडू मॅनहॅटनला येणार नाहीत, हे स्नायडर यांनी मान्य केले आणि दुसऱ्या वाटा शोधल्या. पहिली वाट ज्युनियर कॉलेजांची. कॅन्ससमध्ये दोन वर्षांच्या अशा महाविद्यालयांचे फुटबॉल चांगले चालते. परीक्षेतल्या कमी गुणांमुळे किंवा वयाने उशिरा बहरल्यामुळे मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेली मुले तेथे खेळतात. मायकल बिशप हा क्वार्टरबॅक टेक्सासमधल्या अशाच ब्लिन कॉलेजातून आला आणि १९९८ मध्ये हाइझमन या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला.

दुसरी वाट ‘वॉक-ऑन’ खेळाडूंची. म्हणजे शिष्यवृत्ती नाही, जागेची हमी नाही, फी घरून भरायची आणि तरीही सरावाला रोज हजर राहायचे. अशा मुलांना स्नायडर यांनी दुय्यम लेखले नाही. चांगला खेळला तर तो उतरणार, हे त्यांना ठाऊक असे. जॉर्डी नेल्सन हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. मॅनहॅटनजवळच्या रायली परगण्यातल्या शेतकरी घरातला हा मुलगा वॉक-ऑन म्हणून, तोही बचावपटू म्हणून आला. पुढे त्याला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, करण्यात आले. २००७ च्या हंगामात त्याने १२२ झेल घेतले. फेब्रुवारी २०११ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला, त्यात त्याने झेल घेऊन १४० यार्डांची आगेकूच केली.

तिसरी वाट ‘रेडशर्ट’ वर्षाची. पहिल्या वर्षी खेळाडू सामन्यात उतरत नसे, फक्त सराव करी आणि खेळण्याची चार वर्षे राखून ठेवी. वजन, ताकद आणि समज वाढायला वेळ मिळे. ही गोष्ट सर्वच संघ करत. इथे मात्र संघाचा बहुतेक भार तिच्यावर होता, कारण आयत्या तयार खेळाडूंची सोय नव्हती.

दोन हंगाम

१९९८ मध्ये १४ नोव्हेंबर रोजी मॅनहॅटनमध्ये संघाने नेब्रास्काला ४०-३० असे हरवले. त्याआधी नेब्रास्काकडून सलग २९ वर्षे पराभव झाले होते, म्हणजे मैदानावरच्या अनेक खेळाडूंच्या आईवडिलांच्या तरुणपणापासून. त्या हंगामात संघ प्रशिक्षकांच्या मतांवर ठरणाऱ्या क्रमवारीत पहिला आला. पण गटाच्या अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एमविरुद्ध चौथ्या डावात पंधरा गुणांची आघाडी असताना सामना हातचा गेला. दुसऱ्या जादा डावात ३३-३६ असा पराभव झाला, आणि मोठ्या बोल सामन्यांनीही संघाला डावलले. पुढे तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला मोठ्या बोल सामन्यात जागा देणारा नियम झाला. त्याला लोक आजही कॅन्सस स्टेटच्या नावाने ओळखतात.

२००३ चा हंगाम संघाच्या चिकाटीचा अधिक भक्कम पुरावा आहे. चार विजयांनंतर लागोपाठ तीन पराभव झाले, तेही तीनही सामने एका टचडाऊनच्या (चेंडू गोलक्षेत्रात नेऊन मिळवलेल्या सहा गुणांच्या) आतबाहेरच्या फरकाने. त्यानंतर गटविजेतेपद मिळेपर्यंत संघ हरलाच नाही. ६ डिसेंबर रोजी कॅन्सस सिटीत गटाच्या अंतिम सामन्यात समोर होता पहिल्या क्रमांकाचा, तोवर अजिंक्य असलेला ओक्लाहोमा. त्याचे प्रशिक्षक बॉब स्टूप्स हे स्नायडर यांच्याच हाताखाली घडलेले. ओक्लाहोमाने पहिला टचडाऊन केला. मग डॅरेन स्प्रोल्स सुरू झाला. उंची जेमतेम पाच फूट सहा इंच. समोरच्या सव्वा सहा फुटी लाइनमनच्या (पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंच्या) मागे तो दिसेनासा होई आणि बचावाला पत्ता लागण्याआधी मोकळ्या जागेत बाहेर पडे. त्या रात्री तो २३५ यार्ड धावला. निकाल ३५-७. गटविजेतेपद कॅन्सस स्टेटला १९३४ नंतर प्रथमच मिळाले.

स्नायडर २००५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा स्टेडियमला त्यांचे नाव देण्याचे ठरले. नावात ‘फॅमिली’ हा शब्द त्यांच्या आग्रहाने आला. पुढल्या तीन हंगामांत संघाने १७ सामने जिंकले आणि २० गमावले. खेळाडू, स्टेडियम, सोयी, सगळे होते. संस्कृती विद्यापीठाच्या इमारतीत राहात नाही, ती रोज कोणीतरी चालवावी लागते, हे या तीन वर्षांनी दाखवले. २००९ मध्ये, सत्तरीला टेकलेले स्नायडर परत आले. २०१२ मध्ये कॉलिन क्लाइन या क्वार्टरबॅकसह त्यांनी पुन्हा गटविजेतेपद मिळवले. प्रशिक्षक असतानाच, २०१५ मध्ये, त्यांची महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या मानाच्या यादीत, निवड झाली. २०१८ च्या शेवटी ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर २१५ विजय, ११७ पराभव आणि एक बरोबरी होती.

चिकाटीने किती, इतर गोष्टींनी किती

मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चिकाटी मोजणारी प्रश्नावली मांडली. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतले खडतर उन्हाळी प्रशिक्षण कोण पूर्ण करील, याचा अंदाज प्रवेशासाठीच्या एकत्रित गुणांपेक्षा या प्रश्नावलीने चांगला बांधला. क्रीडाजगताने ही कल्पना उचलून धरली. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर मात्र दिसले, की हा गुण कर्तव्यदक्षता या जुन्या, परिचित गुणाशी बराच जुळतो आणि यशाशी त्याचे नाते माफकच आहे. कॅन्सस स्टेटच्या बाबतीतही हात राखूनच बोलायला हवे. विद्यापीठाने या काळात सरावाच्या सोयींवर आणि प्रशिक्षकांवर पूर्वी कधी केला नव्हता तेवढा खर्च केला. १९९० च्या दशकात प्रत्येक संघाच्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा ९५ वरून टप्प्याटप्प्याने ८५ वर आली, त्यामुळे श्रीमंत संघांना चांगले खेळाडू बाकावर साठवून ठेवणे अवघड झाले. शिवाय गटाबाहेरचे प्रतिस्पर्धी स्नायडर मुद्दाम दुबळे निवडत. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती, जरी हरण्याची सवय मोडण्यासाठी जिंकण्याजोगे सामने लागतात हेही खरे.

कणखरपणाच्या नावाखाली काय होऊ शकते, याचे भीषण उदाहरण मेरीलँड विद्यापीठात मे २०१८ मध्ये घडले. सरावात उष्माघात झालेल्या १९ वर्षांच्या जॉर्डन मॅकनेयरवर वेळेत उपचार झाले नाहीत आणि पंधरवड्यात त्याचा मृत्यू झाला. चुका झाल्याचे विद्यापीठाने मान्य केले. चौकशीत खेळाडू तक्रार करायला घाबरत असल्याचे पुढे आले आणि मुख्य प्रशिक्षकांना जावे लागले. खेळाडूला ‘थांब’ म्हणता येत नाही, त्या संघात चिकाटी नसते, धाक असतो.

बदललेले नियम

२०१८ पासून खेळाडूंना विद्यापीठ बदलणे सोपे झाले आणि १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावाच्या जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. यामुळे चार-पाच वर्षे धीराने खेळाडू घडवण्याचे गणित विस्कटले. दुसऱ्या वर्षी चमकलेला मुलगा तिसऱ्या वर्षी दुसरीकडे असू शकतो. याची उलट बाजू इंडियाना विद्यापीठात दिसली. तेही पराभवांसाठीच ओळखले जात असे. २०२४ मध्ये नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आपल्या सवयींत मुरलेले डझनभर खेळाडू बरोबर घेऊनच आले, आणि पहिल्याच हंगामात अकरा विजय मिळवून राष्ट्रीय प्लेऑफमध्ये (देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत) पोहोचले. स्नायडर यांना जे रुजवायला पाच वर्षे लागली, ते सिग्नेटींनी मुळासकट उचलून आणले.

कॅन्सस स्टेटने २०२२ मध्ये, क्रिस क्लीमन यांच्या प्रशिक्षणाखाली, टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला) जादा डावात ३१-२८ असे हरवून पुन्हा गटविजेतेपद मिळवले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, शिष्यवृत्तींची जुनी मर्यादा गेली आहे आणि संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवता येतात. पूर्वी वॉक-ऑन धरून हा आकडा अनेक ठिकाणी त्याहून मोठा असे. जॉर्डी नेल्सन ज्या दाराने आला, ते या मर्यादेमुळे अरुंद झाले आहे.