ट्रॅकरच्या आधी चिप: रेट्रो संगीताच्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

जुन्या कॉम्प्युटरच्या आवाजात संगीत करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ट्रॅकर, म्हणजे संगीत रचायचा प्रोग्रॅम, कोणता घेऊ? उत्तरादाखल पाच-सात नावं एका दमात येतात आणि नवखा माणूस तिथेच गांगरतो. कारण ही नावं एका जातीची नाहीतच. काही ट्रॅकर ध्वनीची सॅम्पल्स, म्हणजे साठवलेले आवाजाचे तुकडे, वाजवतात, तर काही आवाज निर्माण करणाऱ्या एखाद्या ठरावीक चिपला थेट हुकूम सोडतात. दिसायला मात्र सगळे सारखे: आकड्यांचे उभे रकाने, वाजताना खालून वर सरकणारे. ही सरमिसळ कशी झाली ते कळलं की निवड बरीच सोपी होते.

१९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ मध्ये ‘सिड’ नावाची चिप होती. ती बॉब यानेस यांनी आखली. पुढे ते सिंथेसायझर बनवणाऱ्या एन्सोनिकचे एक संस्थापक झाले. तीन आवाज, प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरी आणि वर एक फिल्टर. घरगुती कॉम्प्युटरसाठी ही चैनच होती. पण ती वाजवायची कशी? रॉब हबार्ड यांच्यासारखे संगीतकार स्वतः असेंब्लीत प्रोग्रॅम लिहीत, म्हणजे चाल सुचणाऱ्याला मशीनची भाषाही यावी लागे. १९८६ मध्ये क्रिस ह्युल्सबेक यांचा ‘साउंडमॉनिटर’ एका जर्मन मासिकात छापून आला. अक्षरशः छापून: वाचकांनी आकडे बघून बघून टाइप करायचे आणि मग प्रोग्रॅम चालवायचा.

ट्रॅकर हे नाव रूढ झालं ते मात्र अमिगा या घरगुती कॉम्प्युटरवर. अमिगाची ‘पॉला’ चिप स्वतः लहर तयार करत नसे. मेमरीत ठेवलेली ८ बिटची सॅम्पल्स ती चार चॅनलवर वाजवी. १९८७ मध्ये जर्मनीतल्या कार्स्टन ओबार्स्की यांनी तिच्यासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ लिहिला. विकाऊ माल म्हणून तो फारसा चालला नाही. पण हौशी पोरांनी तो उघडून आतलं सगळं उलगडलं, दुरुस्त केलं, वाढवलं आणि आपापल्या आवृत्त्या फिरवल्या. त्यातूनच १९८९ मध्ये ‘नॉइजट्रॅकर’ आणि १९९० मध्ये ‘प्रोट्रॅकर’ आला. पंधरा वाद्यांची मर्यादा एकतीसवर गेली. या ट्रॅकरच्या ‘मॉड’ नावाच्या फाइलमध्ये स्वरही असत आणि सॅम्पल्सही, त्यामुळे एका फ्लॉपीवरून अख्खी रचना मित्राकडे जाई आणि त्याला ती उघडून आत काय केलंय तेही बघता येई. माझ्या मते ट्रॅकर टिकला तो या उघडेपणामुळे. सोय ही नंतरची गोष्ट.

त्या रकान्यांचा हिशेबही बघण्यासारखा आहे. एका पॅटर्नमध्ये, म्हणजे रचनेच्या एका तुकड्यात, ६४ ओळी. युरोपातल्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा बदलतं, म्हणून प्रोग्रॅमही सेकंदाला ५० टिक, म्हणजे वेळेचे बारीक ठोके, मोजतो. एका ओळीला ६ टिक आणि चार ओळींची एक मात्रा धरली तर मिनिटाला बरोबर १२५ मात्रा पडतात. आजही कित्येक ट्रॅकर उघडल्यावर ६ आणि १२५ हेच आकडे दिसतात, ते इथून आले. स्वराशेजारी ०४७ लिहिलं की तो स्वर, त्याच्यावरचा चौथा आणि सातवा अर्धस्वर दर टिकला आळीपाळीने वाजतात, म्हणजे सा-ग-प. ०३७ लिहिलं की गंधार कोमल होतो. एका चॅनलवर एकावेळी एकच स्वर निघतो, तरी कानाला तिन्ही एकत्र ऐकल्याचा भास होतो. चिप संगीताची ती ओळखीची थरथर ती हीच. आणि झपताल हवा असेल तर ६४ ओळी पुऱ्या करायची सक्ती नाही: चाळिसाव्या ओळीत पॅटर्न तोडायची आज्ञा दिली की दहा मात्रांचं आवर्तन तयार.

आता गंमत अशी, की अमिगावर लवकरच ‘चिप’ धाटणीचे मॉड होऊ लागले. खेळांची कुलपं तोडणारे गट आपापल्या नावाची छोटी झलक खेळाआधी जोडत. फ्लॉपीवर उरलेली जागा जेमतेम, म्हणून खऱ्या वाद्यांच्या सॅम्पलऐवजी चिमूटभर बाइटची एकच लहर गोल गोल फिरवून कमोडोरसारखा आवाज काढला जाई. म्हणजे चिपच्या आवाजाची नक्कल, पण सॅम्पलवर! वर म्हटलेली सरमिसळ तेव्हापासूनची.

पुढे पीसीवर हा सॅम्पलचा वंश फोफावला. १९९४ च्या आसपास फिनलंडच्या गटाचा ‘स्क्रीमट्रॅकर ३’ आणि स्वीडनमधला ‘फास्टट्रॅकर २’, मग ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री लिम यांचा ‘इम्पल्स ट्रॅकर’. आजचे ओपनएमपीटी, मिल्कीट्रॅकर, रिनॉइज हे त्याच घराण्यातले.

दुसरा वंश खऱ्या चिपकडे परतला. २००० च्या सुमाराला योहान कोटलिन्स्की यांचा ‘लिटल साउंड डीजे’ थेट गेमबॉयवर चालू लागला. हातातल्या त्या मोजक्या बटणांवर सगळं संगीत रचायचं. कमोडोरसाठी ‘गोटट्रॅकर’ आला. त्यात एका वाद्यामागे टेबलं, म्हणजे आज्ञांच्या याद्या, असतात: पहिल्या टिकला नॉइज (खरखर), दुसऱ्याला पल्स (चौकोनी लहर), मग झरझर उतरणारा स्वर, आणि तीन आवाजांतल्या एकावरच ढोल वाजतो. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्रासाठी २००५ मध्ये ‘फॅमिट्रॅकर’ निघाला. त्या चिपमधल्या त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, एकतर चालू नाहीतर बंद. फॅमिट्रॅकर ती अडचण झाकत नाही, आणि हीच त्याची खासियत.

हा फॅमिकॉम आपल्या ओळखीचाच आहे. नव्वदीत टीव्हीला जोडून कॅसेट खोचायचे जे व्हिडिओ गेम आपल्याकडे घरोघरी होते, त्यांतले बरेचसे त्याच्याच नकला. काही नकली चिपमध्ये पल्स लहरीच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असे, त्यामुळे सूर तोच पण पोत वेगळा. शिवाय मूळ जपानी यंत्र ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, चालायचं आणि आपला टीव्ही ५० चा. नक्कल त्या टीव्हीसाठी बनवलेली असली तर संगीत एक षष्ठांशाने संथ होई. लहानपणीचा आवाज जसाच्या तसा हवा असेल तर हा फरक ध्यानात धरावा लागतो.

अलीकडे ‘डेफलमास्क’ने एकाच खिडकीत अनेक यंत्रांच्या चिप आणल्या आणि २०२१ पासून वाढत गेलेल्या मुक्त, फुकट ‘फर्नेस’ने ती यादी कितीतरी लांबवली. फर्नेस डेफलमास्कच्या फाइलीही उघडतो. कोणत्या चिपसाठी लिहायचं हेच ठरलं नसेल तर मी फर्नेसपासून सुरुवात करायला सांगेन. कमोडोरवर चालणाऱ्या खेळासाठी लिहायचं असेल तर गोटट्रॅकर, आणि नुसता तो बाज हवा असेल, खऱ्या यंत्राशी देणंघेणं नसेल, तर मिल्कीट्रॅकर पुरे. फक्त पहिला स्वर भरण्याआधी ५० की ६० हर्ट्झ ते ठरवून टाका. ओळीला तेच ६ टिक ठेवले तर १२५ ची लय ६० हर्ट्झवर १५० होते.