टेड व्याख्यान : श्रवण आणि पडताळणी

टेड व्याख्यान म्हणजे विज्ञान, समाज, आरोग्य, कला अशा विषयांवर एखाद्या जाणकाराने जास्तीत जास्त 18 मिनिटांत, एकच कल्पना धरून केलेले आणि ध्वनिचित्रमुद्रणाच्या हिशेबाने बसवलेले भाषण. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि डिझाइन या क्षेत्रांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव घेतलेली ‘टेड’ परिषद रिचर्ड सॉल वुर्मन आणि हॅरी मार्क्स यांनी 1984 मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे प्रथम भरवली. ती तोट्यात गेली. दुसरी परिषद थेट 1990 मध्ये झाली आणि तेव्हापासून ती दरवर्षी भरू लागली. 2001 मध्ये तिची सूत्रे ख्रिस अँडरसन यांच्या संस्थेकडे आली. निमंत्रितांपुरत्या, महागड्या परिषदेतील भाषणे जून 2006 मध्ये आंतरजालावर फुकट खुली झाली आणि नोव्हेंबर 2012 पर्यंत ती 100 कोटी वेळा पाहिली गेली होती. आज ‘टेड ऐकणे’ म्हणजे बहुधा फोनवर, प्रवासात किंवा जेवताना ऐकणे.

18 मिनिटेच का, याचे आयोजकांचे उत्तर असे, की गंभीर काही सांगायला हा वेळ पुरतो आणि लक्ष टिकण्याइतका तो थोडाही आहे. माणसाचे लक्ष 10-15 मिनिटांनी ढळतेच, असा दाखला याला हमखास जोडला जातो. विल्सन आणि कॉर्न या संशोधकांनी 2007 मध्ये त्यामागचे संशोधन तपासले, तेव्हा त्याला भक्कम आधार आढळला नाही. मर्यादेचा खरा परिणाम वक्त्यावर होतो : त्याला काटछाट करावी लागते. वक्त्याच्या समोर उलटे मोजणारे घड्याळ असते, भाषण बहुधा पाठ केलेले असते आणि रंगीत तालमीही झालेल्या असतात. 18 मिनिटांत इंग्रजीचे सुमारे अडीच हजार शब्द बोलून होतात. त्यात वक्त्याची गोष्ट, एक विनोद, दोन-तीन आलेख आणि शेवटचे आवाहन बसवायचे म्हटले, की प्रयोगात किती माणसे होती, तुलना कशाशी केली, कोणता प्रयत्न फसला आणि शंका कुठे उरली, हे सगळे गळते. श्रोत्याला नेमकी तीच माहिती हवी असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सामाजिक मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांच्या 2012 च्या भाषणाचे. (ते स्वतःच 21 मिनिटांचे आहे; मर्यादा वाटते तितकी पोलादी नाही.) हात कमरेवर ठेवून, पाय फाकवून दोन मिनिटे ऐटीत उभे राहिल्यास टेस्टोस्टेरॉन (वर्चस्वाशी जोडले जाणारे संप्रेरक) वाढते, कॉर्टिसोल (ताणाशी जोडले जाणारे संप्रेरक) घटते आणि माणूस धीट होतो, असे त्यात सांगितले होते. हा दावा डॅना कार्नी, कडी आणि अँडी याप यांच्या 2010 मधील प्रयोगावर उभा होता आणि त्या प्रयोगात फक्त 42 जण होते. 2015 मध्ये इव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी 200 जणांवर तो पुन्हा केला. सहभागींना आपण अधिक समर्थ आहोत असे वाटले खरे. संप्रेरकांत आणि धोका पत्करण्याच्या वर्तनात मात्र फरक दिसला नाही. 2016 मध्ये मूळ लेखाच्या पहिल्या लेखिका कार्नी यांनीच आपला या परिणामावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. ताठ उभे राहिल्याने बरे वाटते, एवढा भाग कडी आजही धरून आहेत. संकेतस्थळावर भाषणाशेजारी या वादाची टीप जोडली गेली, पण कापलेल्या तुकड्यांतून फिरणाऱ्या भाषणासोबत ती टीप फिरत नाही.

सौख्य आणि आरोग्यावरच्या भाषणांत टक्केवारीही जपून ऐकावी. ‘धोका निम्म्याने कमी झाला’ हे वाक्य 1,000 पैकी 2 जणांऐवजी 1 जण आजारी पडला तरी खरे ठरते आणि 1,000 पैकी 400 ऐवजी 200 जण आजारी पडले तरी खरेच ठरते. मूळ संख्या भाषणात सांगितलेली नसेल, तर तो निष्कर्ष वहीत लिहू नये. तीच गोष्ट सहसंबंधाची : रोज चालणारे लोक अधिक आनंदी असतात यावरून चालण्याने आनंद येतो असे ठरत नाही. मुळात धडधाकट माणसेच जास्त चालत असू शकतात.

सफाईदार बोलण्याचा आणखी एक तोटा आहे. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांच्या 2013 मधील प्रयोगात एकच मजकूर विद्यार्थ्यांच्या एका गटाला आत्मविश्वासाने, नजरेला नजर देत सांगितला आणि दुसऱ्या गटाला अडखळत, कागदात बघत. पहिल्या गटाला आपल्याला बरेच समजले असे वाटले. परीक्षेत दोन्ही गट जवळपास सारखेच ठरले. टेडच्या मंचावर तर सगळेच सफाईदार बोलतात, त्यामुळे ‘कळले’ या भावनेवर तिथे अजिबात विसंबू नये.

त्यावरचा उपाय सोपा, पण कंटाळवाणा आहे. भाषण संपताच, दुसरे आपोआप सुरू होण्याआधी, फोन पालथा ठेवून पाच मिनिटांत तीन गोष्टी आठवून लिहाव्यात : मुख्य दावा एका वाक्यात, त्यासाठी दिलेला पुरावा आणि तो दावा कोणाला लागू पडणार नाही. पुरावा आठवत नसेल, तर कदाचित तो सांगितलेलाच नसेल. ट्रान्सक्रिप्ट (भाषणाची लेखी प्रत) उघडून पाहिले की ते लगेच कळते. आठवून लिहिण्याचा फायदा रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये लेखी उताऱ्यांवर दाखवला आहे. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर चित्र उलटले : आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के भाग आठवला. चांगले वाटले म्हणून तेच भाषण लगेच दुसऱ्यांदा लावण्याची सवय म्हणूनच फारशी उपयोगाची नाही. दुसऱ्यांदा ऐकायचेच असेल, तर आठवड्याने ऐकावे.

वेग वाढवून ऐकायला हरकत नाही. दुप्पट वेगापर्यंत आकलनाला फारसा धक्का लागत नाही, त्यापलीकडे लागतो, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील 2021 च्या प्रयोगांत दिसले. ते प्रयोग इंग्रजीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालेले होते. ज्याला इंग्रजी उच्चार समजायलाच जोर लावावा लागतो, त्याने नेहमीच्या वेगावर राहावे. आलेखांची भाषणे नुसत्या कानांनी ऐकू नयेत. जगाची आकडेवारी हलत्या आलेखांतून मांडणारे स्वीडिश डॉक्टर हान्स रोसलिंग यांचे 2006 चे भाषण बसमध्ये ऐकले, तर एका उत्साही गृहस्थाचे क्रिकेट समालोचन ऐकल्यासारखे वाटते. पडद्यावर पाहिले, की दर स्त्रीमागे अपत्ये आडव्या अक्षावर, आयुर्मान उभ्या अक्षावर आणि बुडबुड्याचा आकार म्हणजे देशाची लोकसंख्या, हे ध्यानात येऊन 1962 पासून देश कसकसे सरकले ते दिसते. आलेख येताच थांबवून आधी अक्ष वाचावेत. भाषणाची तारीखही पाहावी, कारण तिथली आकडेवारी आता जुनी झाली आहे.

मराठी सबटायटल स्वयंसेवक करतात. हा अनुवाद प्रकल्प 2009 मध्ये सुरू झाला. सबटायटलच्या एका ओळीत साधारण 42 अक्षरचिन्हे, एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी आणि सेकंदाला 21 चिन्हांपेक्षा जास्त नाही, असा दंडक आहे. वक्ता भरभर बोलू लागला, की मराठी वाक्य छाटावे लागते आणि ‘कदाचित’, ‘काही जणांत’, ‘आमच्या नमुन्यात’ हे शब्द पहिल्यांदा उडतात. म्हणजे मुळातच कापलेल्या भाषणाला दुसरी कात्री लागते. दावा महत्त्वाचा वाटला, तर त्या वाक्यापुरते इंग्रजी ट्रान्सक्रिप्ट पाहावे.

महाराष्ट्राला व्याख्याने नवी नाहीत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झाली आणि आकाशवाणीवरची 10-15 मिनिटांची तज्ज्ञांची भाषणे कित्येक घरांत नित्याची होती. टेडच्या मंचावर मात्र एक गोष्ट सहसा नसते : प्रश्नोत्तरे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी होणाऱ्या व्याख्यानांत हात वर करता येतो, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर तर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत. लघुव्याख्यान समूहाने ऐकणाऱ्या वाचनालयांनी किंवा ज्येष्ठ नागरिक संघांनी ही उणीव भरून काढावी : 18 मिनिटे भाषण आणि निदान तेवढाच वेळ चर्चा, शक्यतो त्या विषयातला एक स्थानिक शिक्षक किंवा डॉक्टर बसवून. तासाभरात तीन भाषणे लागोपाठ दाखवली, तर शेवटी फक्त तिसरेच आठवते.

‘टेडएक्स’ हा प्रकार वेगळा ओळखावा. 2009 पासून स्थानिक गट परवाना घेऊन हे कार्यक्रम स्वतः भरवतात आणि वक्तेही तेच निवडतात. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत ते होतात. लाल गोल गालिचा तोच, पण निवडीची चाळण प्रत्येक ठिकाणी निराळी. भोंदू उपचार आणि छद्मविज्ञान मंचावर येऊ लागल्याने मुख्य संस्थेने डिसेंबर 2012 मध्ये सर्व आयोजकांना इशाऱ्याचे पत्र लिहिले होते. चित्रफितीवर ‘एक्स’ दिसला, तर वक्त्याचे नाव आणि विषय एकत्र शोधून पाहावे : त्याचा स्वतःचा प्रसिद्ध शोधनिबंध आहे का, तो दुसऱ्या कोणी पडताळला आहे का आणि भाषणाच्या शेवटी सुचवलेली गोळी, ॲप किंवा शिबिर तो स्वतःच विकतो का. यातला तिसरा प्रश्न सर्वांत लवकर सुटतो, म्हणून सुरुवात त्यापासून करावी.