पहिलं विमान पडणारच, ते हलकं पडू दे

"दहा हजारांत बसतंय काय ओ?" बेळगावात रिमोटच्या विमानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. पाठोपाठ कुणाचा तरी पुतण्या मोबाइलवर एका देखण्या लढाऊ विमानाचा फोटो पुढे करतो आणि विचारतो, "काका, हेच घेतलं तर?"

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. दहा हजारांत ओढूनताणून बसतं, पंधरात नीट बसतं. आणि ते लढाऊ विमान घेतलंत, तर पहिल्याच रविवारी त्याचे तुकडे पिशवीत भरून घरी आणावे लागतील.

विमान पाडल्याशिवाय कुणी शिकलेलं नाही. त्यामुळे कोणतं विमान झकास उडतं, हे नवशिक्याने विचारून उपयोग नाही. सकाळी आपटलेलं कोणतं विमान संध्याकाळी पुन्हा उडेल, हे विचारावं. त्याचं निम्मंअधिक उत्तर एकाच आकड्यात असतं, आणि खोक्यावर तो बहुधा बारीक अक्षरात असतो: वजन.

पंख हवेला खाली ढकलतो आणि त्या बदल्यात विमानाला वर उचल मिळते. वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवायला पंख हवेशी जास्त तिरपा धरावा लागतो. हा कोन साधारण १५ अंशांच्या आसपास गेला की पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते, उचल एकदम ढासळते आणि नाक खाली जातं. याला स्टॉल म्हणतात. नवशिक्याची विमानं बहुतेक करून अशीच पडतात: उतरताना घाबरून रिमोटची काडी मागे ओढली, नाक वर झालं, वेग संपला.

आता थोडा हिशोब करू. पंख १२० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद, विमानाचं सगळं मिळून वजन ९०० ग्रॅम. समुद्रसपाटीला असं विमान ताशी २५-२६ किलोमीटरच्या खाली गेलं की स्टॉल होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. त्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३६ अंशांवर असेल, तर इथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा जवळजवळ १५ टक्के कमी भरते. "आपल्याकडं हवा पातळ, इथं उडत नाही," असं ठणकावून सांगणारे भेटतात. पण गणित मांडलं तर स्टॉलचा वेग २६ वरून २७-२८ वर जातो, एवढंच. पंख्याचा, म्हणजे मोटरवरच्या प्रोपेलरचा, जोरही त्याच प्रमाणात थोडा कमी होतो. सकाळी गारव्यात उडवलं तर हा फरक आणखी कमी.

त्याच विमानात मोठी बॅटरी, जाड चाकं आणि वर कॅमेरा बसवून वजन १,२०० ग्रॅम केलं, की एप्रिलच्या त्याच हवेत स्टॉलचा वेग ३२ वर पोचतो. हवेने दोन किलोमीटर वाढवले होते, आपल्या हौसेने चार वाढवले.

खरा फटका पुढेच आहे. स्टॉलच्या वेगाचा वर्ग वजनाच्या प्रमाणात वाढतो. आपटतानाची ऊर्जा म्हणजे वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी. म्हणजे जमिनीवर आदळताना मोजावी लागणारी ऊर्जा वजनाच्या वर्गाने वाढते. ९०० ग्रॅमचं विमान स्टॉलच्या वेगाने आदळलं तर सुमारे २६ जूल, १,२०० ग्रॅमचं आदळलं तर ४७. वजन एक तृतीयांशाने वाढवलं आणि मार पावणेदोन पट झाला. पहिल्यात नाकाचा फोम चेपतो आणि ग्लू गनने काम भागतं. दुसऱ्यात मोटरचा दांडा वाकतो, सर्वोचे, म्हणजे शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे, दात तुटतात आणि खिसा हलका होतो.

लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचे पंख लहान असतात, म्हणजे तेवढंच वजन कमी क्षेत्रफळावर. तिचा स्टॉलचा वेग नवशिक्याचे डोळे आणि बोटं यांच्या पलीकडचा. विषय संपला.

मग घ्यायचं कसलं? पंख धडाच्या वर बसवलेला, लांब, रुंद आणि दोन्ही टोकांना थोडा वर उचललेला. ही उचललेली टोकं म्हणजे निव्वळ शोभा नव्हे. वाऱ्याच्या झुळकेने विमान डावीकडे कललं असं धरा. कललं की ते त्याच बाजूला तिरकं घसरायला लागतं. घसरताना समोरची हवा थोडी डावीकडून येते, आणि वर उचललेल्या पंखामुळे डाव्या, म्हणजे खाली गेलेल्या पंखावर ती जास्त कोनात येते. तिथे उचल वाढते, उजवीकडे घटते आणि विमान आपोआप सरळ होतं. तुम्ही काहीच केलं नाही तरी. किंबहुना पहिल्या महिन्यात काहीच न करणं हेच बऱ्याचदा बरं असतं!

पंख वर असल्याने धड खाली लोलकासारखं लटकतं आणि म्हणून विमान स्थिर राहतं, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. विमान कललं की उचलीची दिशाही त्याच्याबरोबर कलते, त्यामुळे लटकण्याचा असा वेगळा फायदा मिळत नाही. वरच्या पंखाला जी मदत मिळते ती विमान तिरकं घसरताना धडाभोवतून वळणाऱ्या हवेमुळे. विमान हाताने हवेत सोडताना पंख बोटांच्या वाटेत येत नाही, हा आणखी एक व्यवहारी फायदा.

पंखाचा छेद, म्हणजे पंख कापला तर कडेने दिसणारा आकार, खालून सपाट असलेला बघा. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ मध्ये आखलेला क्लार्क-वाय हा त्यातला नावाजलेला आकार. १९२७ साली अमेरिकन वैमानिक लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला त्या विमानालाही हाच छेद होता. सावकाश उडायला चांगला, आणि टेबलावर सपाट ठेवून चिकटवता येतो म्हणून घरी बनवायलाही सोपा.

घरी बनवणार असाल तर शीट घेताना सांभाळा. जाहिरातीच्या फलकांची दुकानं खडेबाजारपासून टिळकवाडीपर्यंत सगळीकडे आहेत आणि तिथला पीव्हीसीचा सनबोर्ड गुळगुळीत, मजबूत, मोहात पाडणारा असतो. पण त्याची तीन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला किलोच्या वर भरते. सहा मिलिमीटर डेप्रॉन, म्हणजे थर्माकोलच्याच जातीची हलकी फोमशीट, तेवढ्याच मापात २००-२५० ग्रॅम. फेव्हिक्विकसारखे झटपट गोंद आणि बहुतेक स्प्रे पेंट थर्माकोल खातात, म्हणून फोमला चालणारा गोंद वेगळा मागून घ्या. शेपटीवर शिवमुद्रा काढायचीच असेल तर मार्करने काढा. रंगाचे थर नेमके जिथे वजन नको तिथेच, मागे, बसतात.

मागचं वजन वाईट का, तर तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान विमान दोन बोटांवर समतोल राहिलं पाहिजे. २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला म्हणजे पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल. शेपूट जड असेल तर मात्र विमान आपणहून नाक वर करतं आणि थेट स्टॉलकडे जातं. बॅटरी पुढे सरकवून तोल साधा, ती आत घट्ट बांधा आणि मगच मैदानात जा.

आता पैसे. माझा सल्ला लोकांना उलटा वाटतो: विमानावर कमीत कमी खर्च करा. जे आकाशात जातं ते खर्ची पडणारं सामान, जे हातात किंवा घरी राहतं ते पुढची दहा वर्षं पुरणारं. म्हणून रिमोट चांगला घ्या. फ्लायस्काय एफएस-आय६ हा सहा चॅनेलचा (म्हणजे सहा गोष्टी वेगवेगळ्या चालवता येणारा), २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा रिमोट विमानात बसणाऱ्या रिसीव्हरसकट साधारण साडेचार ते सहा हजारांत मिळतो. पहिल्या विमानाला तीन-चारच चॅनेल लागतात, पण पुढच्या दोन-तीन विमानांनाही हाच चालतो. चार्जर पाचशे रुपयांचाही येतो. तरी दोन हजारांच्या आसपासचा, प्रत्येक सेलचा व्होल्टेज दाखवणारा घ्या. बाकी ए२२१२ प्रकारची १,००० केव्ही (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) मोटर आणि तिचा वेग कमी-जास्त करणारा ३० अँपिअरचा ईएससी मिळून हजाराच्या आसपास, नऊ ग्रॅमचे चार सर्वो पाचशेपर्यंत, फोम-गोंद-टेप पाचशे, आणि २,२०० एमएएचच्या दोन लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या तीन-चार हजार. पंखे मात्र अर्धा डझन घ्या. नवशिक्याच्या हातून सगळ्यात आधी तेच तुटतात. एकच बॅटरी घेतली आणि चार्जरवर तडजोड केली की दहा हजारांचा आकडा जमतो.

हे सामान बेळगावच्या बाजारात एका जागी मिळेल या आशेवर राहू नका, बहुतेक मागवावंच लागतं. मोटर बसवायची पत्र्याची चकती मात्र उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चहाच्या पैशात कापून मिळते, आणि ती खोक्यातल्या चकतीपेक्षा बरी असते.

एका मालापासून लांब राहा: दोन-तीन हजारांत रिमोटसकट मिळणारं दोन छोट्या मोटरींचं फोमचं खेळणं. त्याला शेपटीत हलणारा एलेव्हेटर नसतो, म्हणजे नाक वर-खाली करणं हातात नसतं. ते उडतं, पण त्यावर उडवायला शिकता येत नाही.

बॅटरीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण विमान पडलं तर फोम तुटतो, लायपो बिघडली तर घर पेटतं. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, तीन व्होल्टच्या खाली कधीच उतरवायचा नाही, आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास. चार्ज करताना फरशीवर, मातीच्या कुंडीत, नजरेसमोर. फुगलेली बॅटरी "अजून चालतीय की" म्हणून वापरायची नाही. २,२०० एमएएचपैकी ८० टक्केच वापरायचे आणि सरासरी १० अँपिअर ओढले जातात असं धरलं, तर साडेदहा मिनिटं येतात. रिमोटचा टायमर सात मिनिटांवर लावा, म्हणजे उतरण्याचे दोन-तीन प्रयत्न हुकले तरी बॅटरी शिल्लक असते.

पंख्याची चेष्टा नको. दहा इंची पंखा मिनिटाला साडेसात हजार फेऱ्या मारतो तेव्हा त्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने फिरत असतं. घरात रिमोट जुळवताना, सर्वो तपासताना तो काढून ठेवायचा. आणि सिग्नल तुटला तर मोटर बंद होते ना, हे मैदानात प्रत्येक वेळी उडवण्याआधी, विमान धरून आणि रिमोट बंद करून बघायचं.

मैदान म्हणाल तर भात कापल्यानंतरचं शिवार नवशिक्याला उत्तम. येळ्ळूर, वडगावकडे काही वावरांत लगेच मसूर पेरतात, त्यामुळे मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास-दीड तास वारा पडलेला असतो. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत उठतात आणि हलकं विमान त्यात हेलकावे खातं. हलकेपणाची तेवढी किंमत आहेच. पावसाळा बनवण्यासाठी आणि कॉम्प्युटरवर सराव करण्यासाठी ठेवा. पिकासिम हा सिम्युलेटर फुकट आहे, एफएस-आय६ एका केबलने कॉम्प्युटरला जोडता येतो. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, त्याची सवय तिथेच करून घ्या. युक्ती सोपी आहे: जो पंख खाली गेलेला दिसतो, काडी त्याच बाजूला ढकला.

बेळगावचं विमानतळ सांबऱ्याला आहे, तेव्हा त्या बाजूला, मुतग्याच्या माळावर वगैरे, उडवायचं मनातही आणू नका. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्याबाहेरच्या हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) भागात ४०० फुटांपर्यंतच, हे २०२१ च्या ड्रोन नियमांत आहे. त्यातच शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि इतर लष्करी हद्दीही आहेत. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून आपलं शिवार कोणत्या रंगात येतं ते बघा. विमान नजरेआड जाऊ द्यायचं नाही, हाही नियमच आहे. नवशिक्याला तसंही शंभर फुटांवर चुकांपुरती जागा मिळते, त्याहून वर गेलं की विमान कुठे तोंड करून आहे तेच कळेनासं होतं.

आणि विमान शेवटी पुरतं मोडलं की मोटर, ईएससी, सर्वो, रिसीव्हर त्यातून काढून घ्या, मोटरचा दांडा सरळ आहे का ते फिरवून बघा आणि नवी शीट कापायला घ्या. दुसऱ्या विमानाचा खर्च फोम, गोंद आणि एक-दोन पंखे मिळून हजाराच्या आत येतो. त्या वेळी पंखाची टोकं थोडी कमी उचला आणि एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, लावा.